उरचे लायर

उरचे लायर ही मेसोपोटेमियातील उर या सुमेरियन नगराच्या (सध्याचा दक्षिण इराक) राजेशाही दफनभूमीत सापडलेली तंतुवाद्ये आहेत. त्यांचा काळ साधारणतः इ.स.पू. २५०० मानला जातो. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांच्या नेतृत्वाखाली इ.स. १९२२ ते १९३४ या काळात झालेल्या उत्खननात ती उजेडात आली.

उत्खनन व पुनर्रचना

वाद्यांचे लाकूड व तंतू मातीत कुजून नष्ट झाले होते. सोने, चांदी, लाजवर्द व शिंपल्यांचे जडावकाम तेवढे टिकले होते. लाकडाच्या जागी उरलेल्या पोकळीत वूली यांनी पातळ प्लास्टर ओतले. त्यामुळे नाहीशा झालेल्या सांगाड्याचा आकार व मापे हाती आली.

सामाजिक संदर्भ

एकाच मोठ्या दफनखड्ड्यात ७४ सेवकांचे सांगाडे आढळले. त्यांपैकी ६८ स्त्रियांचे होते. तेथे लायरही ठेवलेले होते. यावरून राजघराण्याच्या अंत्यविधीत संगीताला स्थान होते, असे दिसते. एका लायरवरील शिंपल्याच्या चित्रफलकात गाढव लायर वाजवताना दाखवले असून त्यातून वादनपद्धतीची कल्पना येते.

स्वररचना

मूळ स्वरजुळणी अवशेषांवरून ठरवता येत नाही. मात्र उर येथेच सापडलेल्या, अनेक शतकांनंतरच्या एका मृत्तिकापाटीवर तंतुवाद्य सुरात लावण्याच्या सूचना क्यूनिफॉर्म लिपीत कोरलेल्या आहेत.

सद्यस्थिती

हे लायर बगदाद, लंडन व फिलाडेल्फिया येथील संग्रहालयांत आहेत. इ.स. २००३ मधील लुटीत बगदादच्या लायरची मोडतोड झाली.