चौल

महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील एक प्राचीन बंदर व इतिहासप्रसिद्ध नगर. हे अलिबागच्या दक्षिणेस सु. १८ किमी. अंतरावर, कुंडलिका नदीच्या मुखाजवळ उत्तर तीरावर वसले आहे. त्याचे दोन भाग पडतात : वरचे चौल ही मूळची एतद्देशीय वस्ती असून खालचे चौल म्हणजे पोर्तुगीजांनी तटबंदी केलेले रेवदंडा होय. नदीमुखाच्या दक्षिणेस समुद्रात घुसलेल्या टेकडीवर कोर्लईचा किल्ला आहे.

चौलचा व्यापार समुद्राइतकाच सह्याद्रीतील घाटांवर अवलंबून होता. कोकणपट्टी अरुंद असल्यामुळे कापड, धान्य इ. निर्यातीचा बराचसा माल देशावरून बैलांच्या तांड्यांनी खाली येई व परदेशी माल त्याच वाटांनी वर जाई. कोकणातील बंदरे आणि देश यांना जोडणाऱ्या अशा मार्गांपैकी बोरघाटाचा मार्ग मावळातून जात असे. मावळातील कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी याच प्राचीन व्यापारी मार्गांच्या परिसरात आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभलेखांत यवन दात्यांची, तसेच सोपाऱ्याहून आलेल्या एका बौद्ध भाणकाची नोंद आढळते. तिच्यावरून किनारा व घाटमाथा यांमधील संबंधांची कल्पना येते.

चौलची प्राचीनता कोरीव लेखांवरून व परदेशी वृत्तांतांवरून सिद्ध होते. कान्हेरीच्या एका लेखात चेमुल येथील रहिवाशाने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रंथातील सेमुल्ला व दुसऱ्या शतकातील टॉलेमीचे सिमुल्ला ही याच स्थळाची नावे मानली जातात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना येथील समन्वेषणात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. शिलाहारांच्या अमदानीत हे चेमूल्य या नावाने प्रसिद्ध होते. अनंतदेवाच्या शके १०१६ मधील खारेपाटण ताम्रपटात भाभण श्रेष्ठी व त्याचा भाऊ धनाम श्रेष्ठी यांच्या गलबतांना स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमूल्य इ. बंदरांत जकात माफ केल्याचे नमूद आहे. राज्यकर्ते बंदरांच्या उत्पन्नाकडे व सागरी व्यापाऱ्यांच्या हिताकडे किती बारकाईने पाहत, हे त्यावरून दिसते.

अरब लेखक या नगरास सैमूर म्हणत. इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आलेल्या अल्-मसूदीने सु. दहा हजार मुसलमानांच्या वस्तीचा उल्लेख केला आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इ. ठिकाणांहून आलेले लोक व त्यांची येथेच जन्मलेली संतती यांचा समावेश होता. झंझ हा शिलाहार राजा तेव्हा राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून राज्य करीत होता. मुसलमानांचे आपसांतील व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यापैकीच एक प्रमुख नेमलेला असे. त्यास हुनरमन म्हणत. परक्या व्यापाऱ्यांना त्यांचा धर्म व न्याय सांभाळून राहू देणे, हा बंदराच्या भरभराटीचा एक पायाच होता. चीनमधील च्वानचौ (अरबांचे झैतून) या बंदरातही अशाच रीतीने मशिदी आणि तमिळ व्यापाऱ्यांचे शिवमंदिर उभे राहिले. परस्परांपासून हजारो मैल दूर असलेल्या या नगरांचा स्वभाव व्यापाराने सारखाच घडविला होता.

बहमनी काळात इराण-अरबस्तानातून घोडे आणून दख्खनमध्ये विकण्याचा व्यापार मोठा होता. अफानासी निकीतीन हा रशियन व्यापारी सु. १४६९–७१ च्या दरम्यान विक्रीचा एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पालीमार्गे घाट चढून जुन्नरला गेला. पुढे हे बंदर निजामशाहीकडे आले. सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेल्या दुआर्ते बार्बोसा याच्या वृत्तांतानुसार वर्षाच्या बहुतेक काळात गावात वस्ती थोडी असे; परंतु हिवाळ्यातील हंगामाच्या तीन-चार महिन्यांत आसपासच्या प्रदेशांतील व्यापारी जमत आणि व्यवहार उरकून परत जात. मलबारची गलबते नारळ, सुपारी व मसाले आणीत आणि गहू, तांदूळ व कापड नेत.

मार्च १५०८ मध्ये येथील खाडीत ईजिप्तच्या मामलूक सुलतानाचा सेनानी अमीर हुसेन व दीवचा मलिक अयाझ यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द आल्मेइदा त्यात मारला गेला. तथापि पुढील वर्षीच्या दीवच्या लढाईत पोर्तुगीजांनी वर्चस्व मिळविले. बुऱ्हान निजामशाहाच्या परवानगीने त्यांनी १५२१–२४ मध्ये रेवदंड्यास किल्ला बांधला. १५७०–७१ मध्ये मुर्तझा निजामशाहाने त्यास दिलेला प्रदीर्घ वेढा अयशस्वी झाला. १५९४ मध्ये कोर्लईही पोर्तुगीजांनी घेतली. या काळात चौलचे रेशमी कापड विशेष नावाजले होते. चीनहून येणारे कच्चे रेशीम येथील कारागीर विणीत व ते कापड दूरवर जाई.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चौलला उतरती कळा लागली. १६३६ नंतर निजामशाही नष्ट होऊन कोकणातील तिचा मुलूख आदिलशाहीकडे गेला व पुढे या भागात मराठ्यांची सत्ता वाढली. पोर्तुगीजांचे सागरी सामर्थ्य घटत गेले. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आल्यावर तेथील खोल, सुरक्षित बंदराकडे व्यापार वळला. चौलचे विणकरही तिकडे वसविण्यात आले. १७४० च्या तहाने पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांना दिले. तोपर्यंत त्याचे व्यापारी महत्त्व बरेच ओसरले होते. पुढे १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता व १८६३ मध्ये लोहमार्ग सुरू होऊन मावळातून उतरणारा माल थेट मुंबईकडे जाऊ लागला. ज्या घाटवाटांनी किनाऱ्यावरील बंदरे वाढविली, त्यांतील प्रमुख वाट अशा प्रकारे कायमची मुंबईशी बांधली गेली.

हे नगर एखाद्या मोठ्या विध्वंसात नाहीसे झाले नाही; त्याच्या जागेवर नारळी-पोफळीच्या वाड्या वाढल्या. रामेश्वराचे मंदिर व त्याच्या परिसरातील कुंड, हिंगळाजदेवीचे स्थान, हमामखाना व राजकोटचे अवशेष वरच्या चौलात आहेत. रेवदंड्यास तटबंदी, सातखणी मनोरा व चर्चचे भग्नावशेष, तसेच बेने इस्राएल समाजाचे सिनॅगॉग आढळते. डोंगरावरील दत्तमंदिरात दत्तजयंतीस यात्रा भरते. कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून निर्माण झालेली बोली आजही बोलतो. तो तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ असे म्हणतो. चौलची गलबते व पेठा गेल्या, परंतु अनेक देशांच्या लोकांना सामावून घेणारा त्याचा स्वभाव या मंदिरांत, प्रार्थनास्थळांत व बोलीत अद्याप ओळखता येतो.