बागेत कासवाची अंडी सापडली तर काय करायचं?

समजा, खडकवासला धरणाच्या किंवा मुठा नदीच्या काठी तुमचं घर आहे. बागेत रोप लावायला खड्डा खणताना मातीत गोटीपेक्षा जरा मोठी, पांढरी, गोल अंडी दिसतात. फोटो ग्रुपवर टाकला की सल्ले सुरू होतात : बल्बखाली ठेवा, वाळूच्या डब्यात ठेवा, पिल्लं निघतील.

हेतू चांगला असतो, पण बहुतेक वेळा अंडी याच मदतीने मरतात.

अंडी बागेत आली कुठून?

कासव पाण्यात राहिलं तरी अंडी जमिनीवरच घालतं. मादी पाण्यापासून दूर, मऊ मातीची जागा शोधते, मागच्या पायांनी खड्डा खणते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. ती परत येत नाही. म्हणजे ही अंडी 'बेवारस' नाहीत. कासवांची रीतच तशी आहे.

ती कासवाचीच आहेत का?

तळ्यात, कालव्यात आढळणाऱ्या फ्लॅपशेल कासवाची अंडी गोल आणि कडक कवचाची असतात. काळ्या कासवाची लांबट असतात. सरडे आणि अनेक सापांची अंडीही मातीत सापडतात, पण त्यांचं कवच बहुधा चामड्यासारखं मऊ असतं. खात्रीसाठी अंडं उचलू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, तेवढं पुरतं.

उचललं तर काय बिघडतं?

कोंबडी अंडी सतत फिरवते, म्हणून आपल्याला वाटतं की सगळीच अंडी फिरवलेली चालतात. कासवाचं तसं नाही. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटू लागतो. त्यानंतर अंडं उलटं झालं, तर गर्भ दगावू शकतो. बाहेरून मात्र काहीच कळत नाही.

शिवाय मातीतली ऊब आणि ओल डब्यात साधणं कठीण असतं. फ्लॅपशेलची पिल्लं बाहेर यायला तर अनेक महिने लागू शकतात.

मग वेळासला अंडी कशी हलवतात?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं. तिथे अंडी चोरीला जात, कुत्रे-कोल्हे खात. म्हणून जाणकार माणसं ती लवकरात लवकर, न फिरवता, त्याच किनाऱ्यावर कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात ठेवतात. हे वन विभागाच्या सोबतीने चालतं. घरातला बल्ब म्हणजे वेळास नव्हे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार 'प्राणी' या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडीही येतात. वन्य सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणं 'शिकारी'त मोडतं. फ्लॅपशेल कासव अनुसूची १ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ मधल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

आत्ता काय करायचं?

• खणणं थांबवा. तीच माती अलगद परत लोटा. दाबू नका, वरून पाणी ओतू नका.
• भोवती दगड मांडून खूण करा.
• कुत्री किंवा मुंगूस येत असतील, तर भोकांचा प्लास्टिक क्रेट पालथा घालून वर वजन ठेवा. पिल्लं निघण्याच्या सुमारास तो रोज तपासा.
• वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.
• तिथे बांधकाम सुरू असेल, तरी अंडी स्वतः हलवू नका. तो निर्णय वन कर्मचाऱ्यांचा.
• नेमकं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका.

पिल्लं दिसली, तर टबात किंवा फिश टँकमध्ये ठेवू नका. पुन्हा १९२६ लावा. तोवर कुत्र्या-मांजरांना लांब ठेवलंत, तरी तुमचं काम झालं.