दऱ्या आणि दर्या : आडव्या र ची कुळकथा

आटपाडीच्या बाजारात डाळिंब आणणाऱ्या शेतकऱ्याची पावती मराठीत करायची, तर ‘आणणाऱ्या’ आणि ‘शेतकऱ्याची’ या दोन्ही शब्दांत य ला डावीकडून एक आखूड आडवी खूण जोडावी लागते. हा आडवा र. ‘सूर्य’, ‘कार्य’ यांतला रफार य च्या डोक्यावर बसतो. ‘शेतकरी’, ‘आचारी’ अशा शब्दांना प्रत्यय लागला की र आडवा होतो. ‘कुऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’ यांतही तोच. स्वयंपाक करतो त्या आचाऱ्याला बोलावायचे की मठातल्या आचार्याला, हे ही खूण ठरवते. ‘दर्या’ म्हणताना द वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठी आणि नेपाळीला लागतो.

संगणकावर प्रत्येक अक्षराला संकेत देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाचा दंडक असा की संकेत अक्षराला मिळतो, त्याच्या आकाराला नाही. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे दिसतात, पण अर्थ बदलत नाहीत. म्हणून ते फॉन्टवर सोडले, आणि ते योग्यच झाले. आडवा र मात्र अर्थ बदलतो, तरी त्याला स्वतःचा संकेत नाही. १९९१ साली आलेल्या युनिकोडमधली देवनागरी भारताच्या १९८८ च्या इस्की प्रमाणावर बेतलेली होती. द्राविडी भाषांतला एक र लिहिण्यासाठी ठेवलेले, मराठीला एरवी न लागणारे ऱ हे अक्षर इस्कीने हाती घेतले आणि त्याचे अर्धे रूप म्हणजे आडवा र, असे ठरवले. युनिकोडच्या १९९६ च्या २.० आवृत्तीत वाट निराळी होती : साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. पुढे इस्कीची वाट मुख्य झाली, पण आधीचा मजकूर मोडू नये म्हणून जुनीही चालू राहिली.

परक्या उच्चाराचे अक्षर उसने का घ्यावे, मराठीने हक्काचा संकेत का मागू नये, हा आक्षेप रास्त वाटतो. पण ॲ चा अनुभव पाहावा. हे अक्षर २००८ च्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे दाखल झाले. तोवर कोणी ऍ वापरत होते, कोणी अ वर चंद्र ठेवत होते. नवा संकेत आला म्हणून जुना मजकूर बदलला नाही, आणि एकदा दिलेला संकेत युनिकोड कधी मागे घेत नाही. आडव्या र ला आज नवा संकेत दिला, तर दोन वाटांच्या तीन होतील. शिवाय संकेत म्हणजे उच्चाराचा दाखला नव्हे. ऱ मुळात कोणासाठी ठेवला होता, याने मराठी वाचकाचे काही अडत नाही.

अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. या दोन वाटांना युनिकोड एकरूप मानत नाही. कागदावर ‘शेतकऱ्याची’ दोन्हींकडून हुबेहूब उमटते, पण शोध घेताना एका पद्धतीने लिहिलेली नोंद दुसऱ्या पद्धतीने सापडेलच असे नाही. त्यातून एखाद्या प्रणालीने अदृश्य जोडक निरुपयोगी समजून काढून टाकला, तर डोंगरातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. म्हणून मागणी नव्या संकेताची नको. प्रत्येक कळफलकाने ऱ चीच वाट धरावी, आणि शोधयंत्रांनी जुन्या वाटेने लिहिलेला शब्दही तोच समजून पुढे ठेवावा.