अर्धविराम आणि अपूर्णविराम : मराठी व्यवहारलेखनातील विरामव्यवस्थेचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

मराठीतील विरामचिन्हांचा इतिहास सांगताना सामान्यतः एका वाक्यावर काम भागविले जाते : मराठीत पूर्वी विरामचिन्हे नव्हती, ती मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांनी इंग्रजीवरून आणली. विधान स्थूलमानाने खरे आहे. परंतु त्यातून असा एक समज निघतो की, कँडीपूर्व मराठी लेखनात विरामाची जाणीवच नव्हती आणि म्हणून ते लेखन संदिग्ध होते. हा समज मात्र दप्तरातील कागद पाहिल्यावर टिकत नाही. शेकडो वर्षे या भाषेत महसुलाचे हिशेब, इनामपत्रे, करारनामे आणि निवाडे लिहिले गेले, त्यांवर वतने चालली आणि तंटे तुटले. एवढा व्यवहार ज्या लेखनावर उभा होता, त्यात वाक्याच्या मर्यादा दाखविण्याची काही व्यवस्था असलीच पाहिजे. ती कोणती होती, आणि तिच्या जागी नवी चिन्हे आल्यावर काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोडी पत्रांतील शब्दरूप विराम

मोडी लिहिणारा प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घेई व मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. त्यामुळे शब्द तोडण्यासही फारशी जागा उरत नसे; चिन्हांची गोष्ट दूरच. तथापि, पत्राची रचना ठरलेली होती. आरंभी ‘श्री’, मग समोरच्या व्यक्तीच्या मानाप्रमाणे मायना, त्यानंतर ‘विनंति उपरी’, कुशलाचा मजकूर, आणि मग ‘विशेष’. हा ‘विशेष’ शब्द आला की वाचणाऱ्यास कळे, उपचार संपले व कामाचा मजकूर सुरू झाला. आज आपण जे काम अपूर्णविरामाकडून, म्हणजे ‘:’ या चिन्हाकडून, करून घेतो तेच हे काम होय. यादी द्यावयाची असल्यास ‘येणेप्रमाणे’ किंवा ‘तपशील’ हे शब्द येत आणि पुढील बाबी स्वतंत्र ओळींत किंवा ‘कलम’ करून मांडल्या जात. एकूण रकमेची फोड ‘पैकी’ने होई, वरील बाबीची पुनरुक्ती ‘कित्ता’ने टळे. कारण सांगून निर्णयाकडे वळताना ‘सबब’ येई. दोन स्वतंत्र पण परस्परसंबद्ध विधानांच्या सांध्यावर येणारा हा शब्द अर्धविरामाची जागा बऱ्याच अंशी भरून काढीत असे.

पूर्णविरामाची व्यवस्था तर विशेष लक्षणीय आहे. ‘बहुत काय लिहिणे’, ‘जाणिजे’, ‘हे विनंति’ या ठरलेल्या अखेरीनंतर ‘लेखनसीमा’ किंवा ‘मर्यादेयं विराजते’ असा मोर्तबाचा शिक्का उमटे. त्याखाली कोणी एक ओळ वाढविली तर ती सीमेबाहेरची, म्हणजे बनावट, ठरे. केवळ वाक्य नव्हे, तर संपूर्ण दस्तऐवज बंद करणारा हा विराम होता.

संस्कृत पोथ्यांतील दंड येथे का वापरला गेला नाही, असा प्रश्न उपस्थित होतो. माझ्या मते याचे एक कारण हिशेबाच्या लेखनात असावे. मराठी जमाखर्चात उभी रेघ ही अपूर्णांकाची खूण आहे : ‘।’ म्हणजे पाव, ‘॥’ म्हणजे अर्धा, ‘॥।’ म्हणजे पाऊण. शिवाय ‘रा॥’, ‘पा॥’ अशा संक्षेपांतही तीच रेघ येते. रुपयांच्या आकड्यापुढे दंड पडल्यास रक्कम पाव रुपयाने वाढावयाची! कारकुनाने हे चिन्ह वाक्यासाठी टाळले असल्यास त्यात नवल नाही. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. नियमित मजकुरात ती चोख चाले. पण लढाईची हकीकत किंवा मसलतीचा गुंता लिहिताना वाक्य कोठे तुटते हे वाचकाच्या अनुमानावर राही. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला व त्यानंतर असे कागद मोठ्या संख्येने बाळबोधीत छापले गेले. मोडीतील अखंड ओळ छापताना शब्द कोठे तोडावयाचे, हा निर्णय संपादकाचाच असतो. छापील साधनांत जेथे विरामचिन्हे आढळतात तेथे तीही बहुधा त्याचीच. आपले विद्यार्थी अठराव्या शतकातील पत्र उद्धृत करताना त्यातील स्वल्पविराम व अर्धविराम जसेच्या तसे उतरवितात आणि त्यांच्या आधारे अर्थही लावतात. तो अर्थ पत्रलेखकाचा नसून संपादकाचा असू शकतो, हे त्यांना सांगितलेच जात नाही.

कँडी आणि नंतर

अर्धविरामाचे आजचे रूप युरोपातही फार जुने नाही. व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुतियुस याने पंधराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते छापून रूढ केले. मराठीत ते येण्यास साडेतीन शतके लागली. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ सालचे. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश १८४७ सालचा. आणि कँडीची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० सालची. कँडीने तपासलेल्या मराठीवर इंग्रजी वळणाचा आक्षेप पुढे घेतला गेला व तो सर्वस्वी निराधार नव्हता. पण विरामचिन्हे मात्र कोणी परत पाठविली नाहीत. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांची लांब, अनेक उपवाक्यांची रचना या चिन्हांवाचून पेलली नसती.

साहित्यिक गद्याने चिन्हे अशी आत्मसात केली, परंतु कचेरीने ती अर्धीच घेतली. जुने शब्द गेले नाहीत आणि नवे चिन्ह त्यांच्याशेजारी येऊन बसले. ‘खालीलप्रमाणे’ लिहून पुढे ‘:’, आणि त्याने समाधान न झाल्यास ‘:-’. शासकीय कागदांत ‘विषय :-’, ‘संदर्भ :-’, ‘वाचा :-’ अशी जी जोडखूण दिसते तिचे दुसरेही कारण आहे. देवनागरीत विसर्ग व अपूर्णविराम दिसण्यात जवळजवळ एकच. ‘विषय’ या शब्दाला चिन्ह चिकटून पडले की ‘विषयः’ हे संस्कृत प्रथमेचे शुद्ध रूप तयार होते. टंकलेखकाच्या हातून असे संस्कृत नकळत पुष्कळ लिहिले गेले आहे. चिन्हापूर्वी जागा सोडणे किंवा पुढे आडवी रेघ देणे हा त्यावरील व्यवहार्य उपाय होता. संगणकावर या दोहोंचे संकेतांक भिन्न आहेत. तेव्हा विसर्ग टंकलेल्या नोंदी शोधताना हाती लागत नाहीत, ही अडचण नव्याने भर पडलेली.

अर्धविरामाची कथा याहून गंभीर आहे. अधिनियमांच्या मराठी पाठांत खंड व उपखंड अर्धविरामाने तोडून शेवटच्या खंडापूर्वी ‘आणि’ किंवा ‘किंवा’ घालण्याची पद्धत आहे. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर प्रशासनात मराठीचा वापर वाढला, तसा या मसुदापद्धतीचा प्रसारही झाला. परंतु संस्थांच्या परिपत्रकांत ती उतरली नाही. पुढील कल्पित वाक्य पाहावे : ‘अध्यापक, ग्रंथपाल व लिपिक, ज्यांची सेवा पाच वर्षे झाली आहे, यांना सण अग्रिम देय राहील.’ पाच वर्षांची अट तिघांना की केवळ लिपिकांना? वाक्यावरून उत्तर देता येत नाही, आणि दोन वर्षे सेवा झालेल्या ग्रंथपालाचे पैसे त्या उत्तरावर अवलंबून आहेत. ‘अध्यापकांना, ग्रंथपालांना, आणि ज्यांची सेवा पाच वर्षे झाली आहे अशा लिपिकांना’ असे लिहिले की वाद उरत नाही. अट सर्वांनाच लावावयाची असेल तर ती वाक्याच्या आरंभी न्यावी. तेथे अर्धविरामाची गरजच नाही. पेशवाईतील कारकुनाने हेच तीन कलमांत, तीन ओळींत लिहून शेवटच्या कलमात ‘पैकी’ घातले असते. आपण त्याची कलमे सोडली आणि कँडीचा अर्धविरामही पुरता उचलला नाही. स्वल्पविरामांची एक लांब रांग तेवढी आपल्याकडे राहिली.

जुन्या व्यवस्थेपैकी एक गोष्ट मात्र व्यावसायिक पत्रांत अद्याप टिकून आहे. मजकूर संपला, पूर्णविराम पडला, तरी खाली वेगळ्या ओळीवर ‘कळावे,’ येतेच. ‘जाणिजे’चाच तो वंशज, त्याच्यापुढे आता स्वल्पविराम असतो आणि मोर्तबाच्या जागी सही.