अनुमापन म्हणजे कस काढणे

ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचे आणि रंग बदलताच थांबायचे, म्हणजे अनुमापन, अशी अनेक विद्यार्थ्यांची समजूत असते. परंतु इंग्रजीतील ‘टायट्रेट’ या क्रियापदाच्या मुळाशी ना थेंब आहे, ना रंग. ते मूळ टाकसाळीत सापडते.

फ्रेंचमध्ये ‘तीत्र’ म्हणजे नाण्यातील सोन्याचांदीचे प्रमाण, आपल्या भाषेत कस. त्यावरून झालेले ‘तीत्रे’ हे क्रियापद गे-ल्युसॅक यांनी १८२८च्या सुमारास रसायनशास्त्रात आणले. त्या काळी चांदीचा कस भट्टीत काढीत. त्यात थोडी चांदी वाया जाऊन कस कमी भरे आणि विकणाऱ्याचे नुकसान होई. गे-ल्युसॅक यांनी १८३२मध्ये मिठाच्या द्रावणाची पद्धत प्रसिद्ध केली. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची व त्यात हे द्रावण मोजून घालायचे. १०० मिलिलिटर द्रावणाने बरोबर १ ग्रॅम चांदीचा साका खाली बसे. येथे रंग बदलतच नाही. नवा गढूळपणा येईनासा झाला, की मोजणी संपली.

शब्द देशोदेशी गेला आणि त्याची अक्षरे बदलली. फ्रीड्रिख मोर यांच्या १८५५च्या जर्मन ग्रंथाच्या नावात या क्रियापदाच्या दुसऱ्या ‘आय’नंतर ‘ई’ नाही. आज तो लिहितात. इंग्रजी नामाच्या शेवटी ब्रिटिश ‘आर-ई’ लिहितात, तर अमेरिकन ‘ई-आर’. क्रियापद मात्र दोन्हीकडे सारखेच.

अर्थ कुठेच बदलला नाही. म्हणून वर्गात ‘रंग केव्हा बदलला?’ याआधी ‘आपण कशाचा कस काढतो आहोत?’ हे विचारावे.