पांढऱ्या तलावाचं मीठ

लडाखमधल्या त्सो कारच्या काठावर उतरलो तेव्हा आधी धाप लागली, मग तो पांढरा पट्टा दिसला. उंची साडेचार हजार मीटर. तिबेटी भाषेत ‘त्सो’ म्हणजे तलाव, ‘कार’ म्हणजे पांढरा. इथे आलेलं पाणी बाहेर वाहत नाही. त्याची वाफ होते, मीठ मागे उरतं.

चांगपा पशुपालक हे मीठ गोळा करून मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लादत आणि कित्येक दिवस चालून खालच्या खोऱ्यांतून त्याच्या बदल्यात जव आणत. एवढ्या उंचीवर धान्य फारसं पिकत नाही. मीठ होतं म्हणून घरात पीठ होतं. पुढे गाडीरस्ते झाले, स्वस्त पाकीटबंद मीठ आलं आणि हा व्यापार आटला.

दूरवर कियांग, म्हणजे रानगाढवं, चरत होती. विल्यम मूरक्रॉफ्टने १८२०-२२ च्या लडाखमुक्कामात त्यांची नोंद केली. शास्त्रीय नावापुढे आजही त्याचंच नाव लागतं. शेजारच्या गोड्या स्टार्टसापुक त्सोत काळ्या मानेच्या क्रौंचांची जोडी होती. मी मोबाइल काढून पुढे सरकलो.

“आगे मत जाओ भैया, अंडे होंगे,” ड्रायव्हर म्हणाला.

२०२० मध्ये या दोन्ही तलावांना रामसर दर्जा मिळाला. तरी काठावर गाड्यांच्या चाकोऱ्या उमटलेल्याच होत्या. मेंढ्यांची वाट मात्र मला कुठे सापडली नाही. चांगपा इथून वर्षाचं धान्य कमवत. मी एका फोटोसाठी आलो होतो. मोबाइल खिशात ठेवला आणि मागे फिरलो.