गर्भाशयमुख कर्करोग तपासणी, ग्रामीण

गर्भाशयाच्या तोंडाशी होणाऱ्या कर्करोगाची पूर्वावस्था लक्षणे दिसण्याआधीच हुडकण्यासाठी तिशीपुढच्या स्त्रियांची केली जाणारी विनामूल्य तपासणी. गावात या आजाराला ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात. एचपीव्ही या विषाणूचा वर्षानुवर्षे टिकलेला संसर्ग हे त्याचे मूळ; संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षे जातात. एवढी उसंत देणारे कर्करोग थोडे. तरीही २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया दगावल्या. पांढरे जाणे, संबंधानंतर रक्त जाणे बायका अंगावर काढतात; पूर्वावस्थेत तर अंगावर काढण्याजोगेही काही जाणवत नाही. म्हणून तपासणीनेच बाईपर्यंत जायला हवे.

कोणती तपासणी, हा खरा प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या २०१६च्या मार्गदर्शिकेत ॲसिटिक ॲसिडची चाचणी आहे: गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, कापसाच्या बोळ्याने लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. निकाल जागेवर मिळतो, खर्च नगण्य. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात दहावी शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ही चाचणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात मात्र वेगळे दिसले. १९९९पासून तिथल्या गावांच्या ५२ समूहांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा आधार असलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली आले. तिथे वेगवेगळ्या गटांत वेगवेगळ्या चाचण्या झाल्या, प्रत्येक चाचणी एकदाच. ॲसिटिक ॲसिडने मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. विषाणूच शोधणारी एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या, काहीशा लहान गटात ६४. जी बाई रोजंदारी बुडवून आयुष्यात बहुधा एकदाच तपासणीला येणार, तिला एकदाच पुरेल अशी चाचणी मिळाली पाहिजे, असा या दोन अभ्यासांचा एकत्रित अर्थ निघतो.

एचपीव्ही चाचणी महाग आणि प्रयोगशाळेवर अवलंबून, हा आक्षेप खरा आहे. पण स्वस्त चाचणी वारंवार करायची, तर दर वेळी सराईत नजर, जागा आणि बाईची बुडालेली मजुरी लागते. तो खर्च सरकारी हिशेबात धरला जात नाही. शिवाय एचपीव्हीचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, त्यामुळे लाजेचा अडसर बराच दूर होतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: उस्मानाबादेत दहापैकी एकीच्या चाचणीत एचपीव्ही आढळला, आणि अशा बाईला घाबरवून पिशवी काढायला लावणे फार सोपे. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांनी २०१९मध्ये हे राज्यासमोर आणलेच. एचपीव्ही आढळणे म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग आपोआप जातात आणि पूर्वावस्थेवर गोठवून किंवा उष्णतेने, पिशवी न काढता इलाज होतो. हा इलाज तालुक्याला उपलब्ध नसेल तर केवळ मोफत चाचणी अपुरी, काही वेळा अपायकारकही. एचपीव्हीची लस आली की तपासणी नको, हे म्हणणेही टिकत नाही: लस मुलींसाठी आहे, आज पस्तिशीत असलेल्या त्यांच्या आयांना ती फारशी उपयोगाची नाही.

उस्मानाबादच्या ज्या स्त्रियांची तपासणी झाली नाही, त्यांचे मृत्यू मोजून हे ज्ञान मिळाले. त्यावर वैद्यकीय नीतीच्या अंगाने टीका झाली आणि ती रास्त होती. त्या निष्कर्षांना दहा वर्षे उलटल्यावरही, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींनीही ही तपासणी करून घेतलेली नव्हती.